नाकाखाली घसरलेला मास्क

वर्गात एखाद्या मुलाचा मास्क घसरला की नाव घेऊन ओरडू नका. सुरुवातीला मी तेच करायचो. शिकवणं कमी आणि हवालदारकी जास्त व्हायची. आता नुसतं स्वतःच्या नाकावर बोट टेकवतो. मुलाला बरोबर कळतं, बाकीच्यांचं लक्षही जात नाही.

कपाटात चार-दोन जादा मास्क ठेवा. ओला झाला की बदलावाच लागतो. विसरून आलेल्याला गुपचूप द्या, चौकशी नको. वय मात्र बघा: जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने कोरोनाच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं, की ५ वर्षांपर्यंतच्या मुलांवर सक्ती नको, १२ आणि त्यापुढच्यांना मोठ्यांसारखेच नियम.

खरी पंचाईत भाषेच्या तासाला होते. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे 'म' आणि 'न' सारखेच वाटतात. हळू बोला, शब्द फळ्यावर लिहा. कमी ऐकू येणारं मूल वर्गात असेल तर पारदर्शक मास्क मागून घ्या. आवाज चढवून उपयोग नाही (माझा घसा आठवडाभर बसला होता!).

मास्कवरून पालक तावातावाने आले, तर वर्गाच्या दारात हुज्जत नको. सरळ मुख्याध्यापकांकडे पाठवा. आणि हो, खिडक्या उघडा. मास्कच्या नादात ते हमखास राहून जातं.