परड्यातली माती: पाचट, खत आणि दगड

प्रश्न: खानापूर तालुक्यात आम्ही नवे घर बांधले आहे. पुढच्या उताराच्या अंगणात प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर सगळीकडे पांढरे गोटे टाकावेत, म्हणजे तण उगवणार नाही आणि पुन्हा बघावेही लागणार नाही, असे बाग करून देणाऱ्याने सुचवले आहे. ते करावे का?

उत्तर: सगळीकडे करू नये, आणि प्लॅस्टिक तर कोठेच घालू नये. घाटमाथ्याजवळच्या आपल्या भागात पावसाळ्यात पाणी अंगावर येते. प्लॅस्टिक अंथरलेल्या उतारावर ते मुरत नाही, तर कागदावरून वाहत जाऊन गोट्यांसह खाली उतरते, आणि जेथे कागद सखल राहतो तेथे साचून झाडांची मुळे कुजवते. तणाचे म्हणाल तर गोट्यांच्या फटींत धूळ आणि पालापाचोळा जमतो व वर्षा-दोन वर्षांत कागदाच्या वरच्या बाजूलाच गवत रुजते. ते उपटणे साध्या मातीतल्या तणापेक्षा कठीण जाते. शिवाय सावलीतले पांढरे गोटे पहिल्याच पावसाळ्यात शेवाळाने हिरवे पडतात, याची कल्पना विकणारा सहसा देत नाही.

दगडाला आपल्या अंगणात दोन खऱ्या जागा आहेत. पहिली म्हणजे पागोळ्यांखालची. कौलांवरून पडणारी धार माती उडवते आणि भिंतीचा खालचा भाग चिखलाने भरवते. तेथे दीड-दोन फूट रुंदीचा पट्टा खणून 40 मिलिमीटरची काळी खडी भरावी आणि पट्ट्याला भिंतीपासून दूर उतार द्यावा. या जागी पाला किंवा लाकडाचा भुसा उपयोगाचा नाही, कारण तो तरंगून जातो. दुसरी जागा उताराची. जांभ्याचे चिरे उताराला आडवे लावून एक-दोन पायऱ्यांचे बांध घालावेत आणि चिऱ्यांमध्ये पाणी निघायला फटी ठेवाव्यात. पायवाटेसाठी मात्र जांभा वापरताना विचार करावा. तो पाणी शोषतो, त्यावर शेवाळ धरते आणि श्रावणात पाय घसरतो.

बांधांमधल्या वाफ्यांत इंचभर कुजलेले शेणखत पसरून त्यावर वाळका पाला घालावा. आपली तांबडी माती पावसाने धुतली जाते आणि तिच्यातली अन्नद्रव्ये निघून जातात, म्हणून तिला वरचेवर सेंद्रिय खत लागतेच; ते काम कोणत्याही दगडाने होत नाही. आच्छादनाचा जाड थर पावसाळा ओसरल्यावर, साधारण अश्विनात घालावा. भर पावसात जाड ओला थर ठेवल्यास त्याखाली गोगलगायींना आसरा मिळतो व कोवळ्या रोपांचे बुंधे कुजतात.

प्रश्न: आम्ही चिकोडी भागात राहतो. उसाचे पाचट फुकट मिळते, पण त्याने वाळवी लागते आणि मातीतले नत्र निघून जाते, असे शेजारी सांगतात. निपाणीकडून तंबाखूच्या काड्याही मिळतील. बागेत काय वापरावे?

उत्तर: पाचट अवश्य वापरावे. कमी पावसाच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि त्या भेगांतून ओल जाऊ नये यासाठी पाचटाइतके स्वस्त आच्छादन दुसरे नाही. नत्राविषयीचा इशारा अर्धा खरा आहे. पाचटात कार्बन फार आणि नत्र थोडे असल्याने ते कुजवणारे जिवाणू नत्र मातीतून घेतात. पण पाचट मातीत मिसळले तरच ही ओढ मुळांना जाणवते. ते वरच पसरले तर परिणाम फक्त वरच्या पातळ थरापुरता राहतो. म्हणून ते वितीएवढे तुकडे करून तीन इंच जाडीने पसरावे, आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. वाळवीसाठी सावधगिरी म्हणजे घराची भिंत, चौकट आणि लाकडी कुंपण यांपासून पाचट दूर ठेवणे. चुलीजवळ किंवा कचरा जाळण्याच्या जागेजवळही ते ठेवू नये.

पाचटाचे खतच करायचे असेल तर शेण, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि हिरवा पाला यांच्याबरोबर थर द्यावेत. एकूण मिश्रणात नत्राच्या पंचवीस ते तीसपट कार्बन असला की ढीग चांगला तापतो. तीन फूट लांब, रुंद आणि उंच यांपेक्षा लहान ढीग उष्णता धरत नाही. मोठा ढीग आतून 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो व तणाचे बी मरते. ढीग गार झाला की उलटावा, आणि मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब येतील इतकीच ओल ठेवावी. आंबूस वास आला तर सुके पाचट कमी पडले आहे, असे समजावे.

तंबाखूच्या काड्या टोमॅटो, मिरची आणि वांग्याच्या वाफ्यांत घालू नयेत. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू सुक्या काडीतही टिकतो, आणि तो याच कुळातल्या भाज्यांना लागतो. संगमरवराची खडीही काळ्या मातीत टाळावी. ती चुनखडीची असल्याने आधीच अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) असलेली माती अधिक अल्कधर्मी होते, आणि लोह न मिळाल्यामुळे जास्वंद किंवा अनंत यांची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

प्रश्न: बेळगाव शहरात आमच्या परड्यात काळी माती आहे. तीन फूट रुंद आणि वीस फूट लांब वाट करायची आहे. फरशी बसवली की ती खचते. किती माल मागवावा?

उत्तर: काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, नुसत्या मातीवर बसवलेली फरशी त्यामुळे हलणारच. सहा इंच माती काढून मुरूम भरावा, दोन थरांत पाणी मारून धुम्मसाने ठोकावा, त्यावर दोन इंच क्रशरची कच (दगडाचा बारीक चुरा) अंथरावी आणि मगच फरशी बसवावी. वाटेला एका बाजूला फुटामागे पाव इंच उतार द्यावा. साठ चौरस फुटांसाठी सहा इंच मुरूम म्हणजे तीस घनफूट. ठोकल्यावर तो दबतो, म्हणून अंदाजे 0.4 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मागवावा. कच दहा घनफूट, म्हणजे ब्रासचा दहावा भाग पुरेल. ट्रॅक्टरवाला अर्ध्या ब्रासपेक्षा कमी देत नसेल, तर उरलेला मुरूम वाफ्यांत पसरू नये, शेजाऱ्यांशी वाटून घ्यावा.