आजोबांच्या माळ्यावर गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड्सची पेटी सापडलीय, ठेवावी की भंगारात द्यावी? तुमच्याकडे होत्या का अशा रेकॉर्ड, काय आठवणी आहेत?

होत्या. आणि भंगारात देऊ नका, एवढं आधीच सांगून ठेवतो, बाकीचं वाचा नाहीतर सोडा.

आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे. मी बोलतोय ते साधारण १९६५ ते ७५ चं, माझ्या शाळेच्या दिवसांचं. वाडीत वीज यायची होती त्यामुळे रेकॉर्ड प्लेअर वगैरे प्रश्नच नव्हता, चावीचा फोनो होता, म्हणजे ग्रामोफोन, पेटीसारखा, झाकण उघडलं की आत चित्रातला कर्ण्यासमोर बसलेला तो कुत्रा. मोठे काका गिरगावात छापखान्यात कामाला होते, दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचे. हर्णैला बोट धक्क्याला लागायची नाही, खोल पाण्यात उभी राहायची, मग माणसं नि सामान पडावात उतरवायचं आणि शेवटी गुडघाभर पाण्यातून चालत किनारा. काकांची ट्रंक गड्याच्या डोक्यावर आणि तबकड्यांची पिशवी मात्र स्वतःच्या छातीशी, पोराला धरावं तशी, कारण त्या जुन्या तबकड्या लाखेच्या, हातातून सुटली की कौलासारखी फुटायची. काकांची चप्पल एकदा समुद्रात गेली तरी त्यांनी हात खाली केला नाही.

दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं, संपलं. आमच्या आजीला हे कधी पटलं नाही. तिने लग्नाआधी बालगंधर्वांचं नाटक बघितलेलं, तिथे एकेक पद वन्स मोअर घेऊन घेऊन अर्धा अर्धा तास चालायचं म्हणे, आणि इथे तेच पद तीन मिनिटांत आटपलेलं. दर वेळी तबकडी थांबली की म्हणायची, "संपलं? आत्ता तर बसले होते." आम्हा पोरांना वेगळीच मजा, स्प्रिंग सैल पडली की आवाज जाड जाड होत जायचा, म्हणजे बाईची भूमिका करणारे बुवा चावी संपता संपता पुन्हा बुवा व्हायचे. त्यासाठी आम्ही मुद्दाम चावी अर्धीच द्यायचो आणि मार खायचो.

पण खरी गंमत गाण्याची नाहीच, गाणी काय, आज मोबाईलवर त्यातली बरीच सापडतात आणि फार स्वच्छ वाजतात. आमच्या घरात तबकडी हे घड्याळ होतं. भिंतीवरचं घड्याळ पावसाळ्यात बंद पडायचं, दमट हवेने असेल किंवा कुणी किल्ली द्यायचं विसरलं म्हणून असेल. गणपतीत मोदकपात्र चुलीवर चढलं की आई आतून ओरडायची, "लाव रे!" आणि मोदकांची वाफ तीन बाजूंची, हा हिशोब ठरलेला. तीन गाणी, मधे उलटायला नि पिन, म्हणजे वाजवायची सुई, बदलायला लागेल तेवढा वेळ, झाली अकरा-बारा मिनिटं. दोन बाजूंत काढले तर पारी चिकट, चौथी लागली तर फुटलेच म्हणून समजा. हळदीच्या पानाचा वास माजघरातून ओटीवर यायला लागायचा तो साधारण दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर. अजूनही मला एक विशिष्ट पद ऐकलं की भूक लागते, हसू नका, खरंच लागते.

आता पिन. ही आमची कायमची भानगड. नियम असा की एका बाजूला एक पिन, मग फेकून द्यायची. तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी मिसळलेली असते, ती पिनेला घासून घासून गाण्याच्या खाचेच्या मापाची करते, मग पुढच्या तबकडीला तीच पिन लावली की ती खाच कुरतडते. हे आत्ता कळतंय. तेव्हा पिनांची डबी मुंबईहून यायची, आमची हवा खारी, दोन महिन्यांत गंज, म्हणून आजी ती डबी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची आणि आम्ही एकेक पिन दहा-दहा वेळा वापरायचो. पिना संपल्या की करवंदीचा काटा! छान वाळलेला, जरा तिरका कापलेला. आवाज बारीक यायचा पण गोड, खरखर कमी. पुढे वाचलं की विलायतेतसुद्धा काट्याच्या सुया विकायचे, तेव्हा जरा बरं वाटलं, आम्ही अगदीच अडाणी नव्हतो.

आणि माझा पराक्रम ऐका. पेटी पावसाळाभर माळ्यावर असायची, तबकड्यांवर पांढरी बुरशी. एका मे महिन्यात अंगणात साठं वाळत होती, आंब्याची नि फणसाची, बाजूला आमसुलं, आणि मी सातवीत, अक्कल अशी की बुरशी जाईल म्हणून अकरा तबकड्या सुपावर नि साठांच्या मधल्या जागेत मांडून ठेवल्या आणि पोहायला गेलो. दुपारी आलो तर सगळ्यांच्या कडा वर, पापड भाजल्यासारख्या. एकीला आंब्याचा रस चिकटलेला, तिच्यावर माश्या. आजी काठी टेकत आली, बघत राहिली, म्हणाली, "मेल्या, गाण्यांची साठं घातलीस?" काका मारतील म्हणून मी संध्याकाळपर्यंत गोठ्यात होतो. काकांनी मारलं नाही, न बोलता दोन काचा आणल्या, एकेक तबकडी मधे घालून परत उन्हात ठेवली, वर पाट, पाटावर वरवंटा. सहा सरळ झाल्या. तीन लावल्या की पिन होडीसारखी वरखाली व्हायची आणि गाणं त्याबरोबर हेलकावे खायचं. दोन मोडल्या. मोडलेला तुकडा बघून आमचा सुतार म्हणाला, ही तर चपडी लाख, आम्ही पॉलिशला स्पिरिटात विरघळवतो तीच.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या कामाचं आहे. जुन्या जड, पडल्यावर फुटणाऱ्या तबकड्या स्पिरिटने पुसायच्या नाहीत, वरचा थर विरघळतो नि गाणं जातं. साधं कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ फडकं, मधलं लेबल ओलं करायचं नाही, लगेच कोरडी करून उभी ठेवायची, एकावर एक रचायची नाही. आणि ऑनलाईन मिळणाऱ्या त्या सूटकेससारख्या प्लेअरवर लगेच लावू नका, ७८ ची खाच एलपीपेक्षा रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. वाकणाऱ्या, हलक्या, बारा इंची असतील तर त्या एलपी, मिनिटाला ३३ फेऱ्यांवर वाजतात, एका बाजूला वीसेक मिनिटं गाणी. आमच्या वाडीत त्या आल्या वीज आल्यावर, मग पाठोपाठ कॅसेट, आणि त्यानंतरचं मला फारसं आठवतही नाही, सगळं भराभर झालं.

एखादीच्या शेवटी गाणारी बाई स्वतःचं नाव सांगत असेल तर दचकू नका. गायिका गौहर जान १९०२ ला कलकत्त्यात रेकॉर्डसाठी गायल्या तेव्हापासूनची ती पद्धत, तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिरांना कळावं कुणावर कुठलं लेबल लावायचं म्हणून शेवटी इंग्रजीत "माय नेम इज गौहर जान". तशी हाती लागली तर मला नक्की कळवा, आमच्या पेटीत नव्हती.

आणि पेटीत पिनांची डबी असली तर झाकण सांभाळून उघडा. गंजलेल्या पिना सरळ बोटात घुसतात, मी दोनदा धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय.