लिंबात लोह किती, मोसंबीत पोटॅशियम किती?

ताई, तुम्ही विट्याहून विचारलंय की सासूबाईंचं हिमोग्लोबिन ९ वर आलंय आणि गुडघे दुखतात, सासऱ्यांचं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा घटक) वाढलंय, मिस्टरांना गेल्या वर्षी मुतखडा झाला होता. म्हणून सगळ्यांना रोज सकाळी लिंबूपाणी आणि संध्याकाळी मोसंबीचा रस सुरू करावा का, आणि या फळांतून लोह, कॅल्शियम, पोटॅशियम मिळतं तरी किती?

मी मिरजेत बावीस वर्षं लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट काढले. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल काही सांगणार नाही. पण खनिजांचे आकडे रोज हाताखालून गेलेत, ते सांगते.

आधी सासऱ्यांचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. त्यांचा मोसंबीचा रस आज सुरू करू नका. सुरू केला असेल तर डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत बंद ठेवा.

असं का म्हणते ते सांगते. माझ्या वडिलांना, आण्णांना, किडनीच्या दुखण्यासाठी दवाखान्यात ठेवलं होतं. आपल्याकडं पेशंटला भेटायला रिकाम्या हातानं कुणी जात नाही. मिरजेतल्या दवाखान्यांबाहेर मोसंबी आणि शहाळ्यांचे गाडे तुम्ही पाहिले असतीलच. गावाकडची माणसं येत होती, पिशव्या भरत होत्या, आणि माझी आई मायेनं दिवसातून तीन-तीन ग्लास रस काढून देत होती. भरतीच्या दिवशी त्यांचं पोटॅशियम ४.९ होतं. पाचव्या दिवशी माझ्यासमोर आकडा आला ६.४. (साधारण ३.५ ते ५ च्या आत असावं लागतं.) पहिल्यांदा वाटलं सॅम्पल हिमोलाइज झालं असेल, सुईतून येताना रक्तपेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं आणि रिपोर्ट खोटा वाढतो. दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त घेतलं. तरी ६.४. ईसीजीतही फरक दिसायला लागला होता. डॉक्टरांनी धावपळ करून ते खाली आणलं, आण्णा वाचले. पण रोज दुसऱ्यांचे असे रिपोर्ट बघणारी मी, घरच्या ग्लासाकडं माझंच लक्ष गेलं नव्हतं, हे मला अजून सलतं.

आता हिशोब. फळ जाळलं की पाणी, साखर, आम्ल सगळं जातं आणि राख उरते. त्या फळातली खनिजं म्हणजे ती राख. १०० ग्रॅम मोसंबीत सुमारे ८७ ग्रॅम पाणी असतं आणि राख अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. पण त्या चिमूटभर राखेत १८० मिलिग्रॅमच्या आसपास एकटं पोटॅशियम! बाकी कॅल्शियम ४०, फॉस्फरस १४, मॅग्नेशियम १०, आणि लोह जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. सोडियम जवळजवळ शून्य. (परदेशी तक्त्यांत ज्याला गोड ऑरेंज म्हणतात ती आपली मोसंबी. आपलं नागपुरी संत्रं म्हणजे त्यांचं मँडरिन, त्यात पोटॅशियम १६६.) गौरी-गणपतीत येणाऱ्या पपनसात २१६. लिंबाच्या रसात १०० च्या थोडं वर.

आमच्या लॅबमध्ये पूर्वी सोडियम-पोटॅशियम मोजायला फ्लेम फोटोमीटर होता. गॅसच्या निळ्या ज्योतीत सॅम्पलचा फवारा जायचा. सोडियम पिवळं पेटायचं, पोटॅशियमची फिकट जांभळी झाक. मोसंबीच्या राखेत त्या पिवळ्या सोडियमपेक्षा जांभळ्या पोटॅशियमचाच भरणा, इतकं हे फळ पोटॅशियमचं आहे.

निरोगी माणसाला हे उत्तमच. दिवसाला साडेतीन हजार मिलिग्रॅम पोटॅशियम लागतं आणि मीठ, पापड, लोणची खाणाऱ्या आपल्याला ते बहुधा कमीच पडतं. तुम्ही आणि मुलं खुशाल मोसंबी खा, पण रस काढण्यापेक्षा फोडी चोथ्यासकट खा. किडनी मंदावली की मात्र हेच पोटॅशियम रक्तात साठत जातं. २५० मिलीच्या एका ग्लासात ते पाचशेच्या घरात जातं, शहाळ्यात त्याहूनही जास्त. आणि आपल्या तासगावचे बेदाणे? १०० ग्रॅममध्ये साडेसातशेच्या आसपास. येता-जाता मूठभर तोंडात टाकायची सवय असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

लिंबाचं तसं नाही. वरणावर पिळलेला चमचाभर रस म्हणजे फार तर पाच-सहा मिलिग्रॅम पोटॅशियम. सासऱ्यांचं मीठ कमी केलं असेल आणि जेवण अळणी लागत असेल तर लिंबाचा आंबटपणा फार उपयोगी पडतो, डॉक्टरांना विचारून तो जरूर वापरा. पण ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ त्यांच्यासाठी आणू नका. त्यात थोडं सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, म्हणजे नको तेच ताटात येतं.

आता सासूबाई. आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत बाईला दिवसाला लोह २९ मिलिग्रॅम सांगितलंय. पाळी गेल्यानंतर गरज कमी होते, तरी मोसंबीतल्या ०.१ नं काय होणार? लिंबूपाण्यातून लोह मिळतं हा समज सोडून द्या. लोह आहे ते बाजरीच्या भाकरीत, मटकीत, हरभऱ्याच्या पाल्यात. अडचण ही की भाजी-धान्यातलं लोह आतडं सहज उचलत नाही. क जीवनसत्त्व त्याचं रूप बदलतं आणि ते शोषायला सोपं होतं. एकाच जेवणात दोन्ही असतील तर शोषण दोन-तीन पटींवर जाऊ शकतं. म्हणून वेळ महत्त्वाची. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या लिंबूपाण्याला पोटात लोहच भेटत नाही! मोसंबी जेवणाबरोबर खायला द्या. लिंबू पिळायचं तर उसळ ताटात वाढल्यावर, कढईत नाही, कारण उष्णतेनं क जीवनसत्त्व जातं. खरं सांगायचं तर लिंबाच्या एका फोडीत क जीवनसत्त्व दोन-तीन मिलिग्रॅमच असतं, पेरू याबाबतीत मोसंबीलाही मागं टाकतो. आणि जेवल्याबरोबर लागणारा तो चहा तासभर तरी पुढं ढकला, तो लोह अडवतो. एक मात्र करा: हिमोग्लोबिन ९ का झालं याचा शोध डॉक्टरांकडून घ्या. या वयात पोटातून सावकाश रक्त जात असलं तरी असं होतं, आणि ते फळांनी भरून निघत नाही.

गुडघ्यांसाठी कॅल्शियम म्हणाल तर मोसंबीवर विसंबू नका. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून बाष्प जास्त उडतं तिथं, म्हणजे पानांत, जाऊन बसतं. फळात येतं ते थोडं, त्यातलंही बरंच सालीत राहतं. १०० ग्रॅम लिंबाच्या सालीत १३४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, रसात फक्त ६. साल आपण खातो ती लोणच्यातच, आणि फोडीबरोबर मीठ किती जातं ते तुम्हाला माहीत आहे. दिवसाचे निदान १००० मिलिग्रॅम गाठायचे तर नाचणीची भाकरी आणि दूध-ताक हाच रस्ता.

मिस्टरांच्या मुतखड्याला मात्र लिंबू खरंच कामाचं आहे, तेही त्यातल्या खनिजामुळं नाही तर सायट्रेटमुळं, म्हणजे त्याच्या आंबटपणातून येणाऱ्या घटकामुळं. लघवीतलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून खडे जमायला अडथळा येतो. ज्या प्रयोगांत फरक दिसला त्यात रोज साधारण १२० मिली रस दोन लिटर पाण्यात घालून दिला होता. आपल्या कागदी लिंबांच्या हिशोबानं ती सहा-सात लिंबं होतात, एका लिंबाकडून तेवढी अपेक्षा नको. त्या पाण्यात मीठ घालू नका. मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. ‘आंबट खाल्लं की अंगात ॲसिड वाढतं’ म्हणून ते घाबरत असतील तर सांगा, लिंबाची राख अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) असते आणि त्याचं सायट्रेट शरीरात जळल्यावरही अल्कच उरतं. इतकं आंबट पाणी रोज घेताना दात मात्र जपावे लागतात, प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची.

आज एवढं करा: सासऱ्यांच्या फाइलमधला शेवटचा रिपोर्ट काढा आणि त्यात पोटॅशियम तपासलंय का ते बघा. बरेचदा नुसतं क्रिएटिनिन केलेलं असतं. आकडा नसेल किंवा महिन्याभरापूर्वीचा असेल तर उद्याच रक्त द्या, आणि बीपीच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा, कारण त्यांतल्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. आकडा आला की इथं लिहा.