‘ते’ म्हणजे कोण?

फोंडा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. फोनवर एवढं टाईप करणं मला जमत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. भाची फोटो काढून पाठवील.

खोल्या रिकाम्या असताना त्या जोडप्याला ‘फुल्ल आहे’ म्हणून सांगायला पात्रांवाने, म्हणजे तुझ्या गेस्टहाऊसच्या मालकाने, तुला लावलं, कारण पासपोर्ट इस्रायलचे होते. तू सांगितलंस. रात्री जेवताना कुकने ‘हिटलरने काम अर्धंच ठेवलं’ म्हटलं, सगळे हसले, तूही हसलास. आणि आता मला विचारतोस, बाई, मी उगीच मनाला लावून घेतोय का?

उगीच नाही. हिटलर वाईट होता हे मी तुला नव्याने सांगणार नाही, दुसरं महायुद्ध मीच शिकवलं होतं. तुझं अडलंय ते तोंड कसं उघडायचं यावर. तर कुणीही ‘ते लोक असेच’ म्हणालं की एवढंच विचार: कोणी, आणि काय केलं? भाषण नको, इतिहास नको, डोळे वटारणं तर नकोच. नुसतं विचार आणि उत्तराची वाट बघ.

पात्रांवाला हे विचारायला तुझ्याइतका योग्य माणूस नाही. परदेशी पाहुणा आला की त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म तूच भरतोस ना? नाव, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार. तुझ्या काउंटरवर ‘ज्यू लोक’ कधी येत नाहीत, नाव असलेला एकेक माणूस येतो. बिल बुडवून गेला तो कोण, रजिस्टर काढून बघ. पहाटेपर्यंत स्पीकर लावून बसले ते कोण? निघतील दोन-चार नावं, आणि मी पैजेवर सांगते, त्यात दिल्लीची आणि मॉस्कोचीही असतील. मग अनामत घ्यायची तर सगळ्यांकडून घ्या, रात्री दहानंतर गाणी बंद म्हणजे सगळ्यांची बंद. हे मालकाला धंद्याच्या भाषेत सांगता येतं. नोकरी सोडून हुतात्मा व्हायची गरज नाही, घरी आईची औषधं तुझ्या पगारावर चालतात हे मला माहीत आहे.

आता तुझ्या मेसेजमधल्या ज्या भागाने माझं डोकं उठलं त्याकडे येते. तू लिहितोस की कुकला तू दुसऱ्या दिवशी जनरल जेकब यांची गोष्ट सांगितलीस: १९७१ साली ढाक्याच्या शरणागतीत त्यांचा केवढा वाटा, पुढे ते आपल्या गोव्याचे राज्यपाल होते, आणि ते ज्यू होते. शिवाय नोबेल मिळालेल्या ज्यूंची यादी. अरे, छान माहिती आहे, पण इथे काय कामाची? हणजूणला एका रात्रीची खोली मिळायला माणसाने आधी ढाका जिंकायला हवं का? ‘ज्यू फार हुशार, पैशात मुरलेले’ हे कौतुक त्याच दुकानातला माल आहे, वेष्टन तेवढं चकचकीत. जेकबनी जे केलं ते जेकबनी केलं. बिल बुडवणाऱ्याने ते बुडवलं. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, आणि तो सोयीपुरता विचारायचा नसतो.

पणजीला चर्च चौकातल्या बागेत तू शेंगदाणे खात बसायचास, त्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. हा वैद्य १५३४ साली पोर्तुगालहून गोव्यात आला. इथल्या औषधी, फळं, मसाले यांवर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्याचे आईबाप मूळचे स्पेनचे ज्यू. तिथून हाकलले गेले आणि पोर्तुगालात १४९७ मध्ये जबरदस्तीने ख्रिस्ती केले गेले. ओर्ता १५६८ मध्ये बिछान्यात वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. इन्क्विझिशनवालेही ‘कोण’ विचारतच होते म्हणशील. विचारत होते, पण उलट्या टोकाने. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, धुतलेला सदरा घालतो तो कोण, डुकराचं मांस टाळतो तो कोण? ज्यू कोण ते एकदा ठरलं की गुन्हा त्यातच आला, केलं काय हे पाहायची गरजच उरत नव्हती. म्हणून म्हणते, प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग गाळू नकोस.

(यावर आपल्यातलेच काही लगेच म्हणतात, ‘बघा, हे पाववाले असे!’, म्हणजे ख्रिस्ती. त्यांनाही तोच प्रश्न. कोणी केलं? म्हापशाच्या बाजारात चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, विकणाऱ्या मारियाने?)

गाझाचं तू घाबरत घाबरत लिहिलंयस, जणू त्यावर संतापलं की ज्यूद्वेष झाला. मुळीच नाही. तिथली मुलं मरताना बघून मलाही जेवण जात नाही. बोल, चांगलं कडक बोल: नेतान्याहूंचं सरकार, अमुक मंत्री, अमुक हुकूम. नावं आहेत ना, ती घे. पण वाक्य ‘ज्यू’वर संपलं तर त्यात माझ्या माहेरच्या इस्रायल आळीतली ज्यू मावशी येते. अलिबागला ती आमच्या शेजारी. तिच्याकडे मलिद्याचा विधी असला की परातीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती केळी आणि खजूर. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन झालं की पहिली वाटी आम्हा पोरांना. तिचे पूर्वज शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. मराठी तिची माझ्याहून ठसकेबाज होती. कुकच्या त्या ‘अर्ध्या कामात’ ती उरलेली आहे. पुढच्या वेळी हे वाक्य आलं तर हसू नकोस, विचार: ‘अर्धं म्हणजे कोण राहिलं?’ साठ लाख मारले, त्यात दहा लाखांहून जास्त लहान मुलं. उरलेल्यांपैकी कोण हवंय तुला, सांग.

मी हे घरातही विचारलं. चवथीच्या पंगतीत आमच्या धाकट्या भावोजींनी ‘ज्यूंनी जग मुठीत ठेवलंय’ सुरू केलं. मी वाढता वाढता विचारलं, कोणी? त्यांनी एका बँकेचं नाव घेतलं. म्हटलं, बँक नको, माणूस सांगा आणि त्याने काय केलं ते सांगा. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते पानावरून उठले. तेव्हापासून आमच्याकडे चवथीला येत नाहीत, आणि मुलं लहान असताना ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघायची त्या माणसाशी माझं बोलणं तुटलं याचं मला वाईट वाटतं. जाऊबाई म्हणतात, सणाच्या दिवशी कशाला? पण सणाच्या दिवशीच माणसं एकत्र बसतात, तर बोलायचं कधी? पंगतीत नातवंडं होती, ती ऐकत होती. मी गप्प बसले असते तर त्यांनी ते वाक्य भातासोबत गिळलं असतं. मला कर्कश म्हणतात. म्हणोत.

तुला मात्र माझ्याइतकं ताणायला नको. कुकशी तुझी मैत्री आहे, त्याला एकटा असताना गाठ. चार जणांत माणूस हरायला तयार नसतो. भावोजींच्या वेळी मला हे सुचलं नाही असं नाही, मला तेव्हा थांबायचंच नव्हतं. तुझं वय वेगळं, जागा वेगळी.

आणि ते जोडपं. शेजारच्या गेस्टहाऊसात उतरलंय म्हणतोस. जाऊन सांग की खोली होती. माफीचं नाटक करू नकोस, खोली होती आणि मी खोटं बोललो एवढंच सांग. मग पात्रांवाकडे रजिस्टर घेऊन जा. तो काय म्हणाला ते मला लिहू नकोस, रविवारी सुट्टी घेऊन ये आणि तोंडी सांग. येताना म्हापशाहून चोरीस आण, मारियाकडचेच.

तुझी,
बाई