वहीतले दोन डोंगर

पत्र : "माझ्या सासूबाईंना गेल्या वर्षी न्यूमोनियातून सेप्सिस (संसर्गामुळे सगळ्या शरीरावर होणारा जीवघेणा परिणाम) झाला. परळच्या एका रुग्णालयात त्या अकरा दिवस आयसीयूत होत्या. 'हृदयाचं पंपिंग ६० टक्के, नॉर्मल आहे' असं सांगायचे, तरी व्हेंटिलेटर काढला की फुप्फुसात पाणी भरायचं. शेवटी इको (हृदयाची सोनोग्राफी) करताना एका डॉक्टरांनी माझ्या मुलीला पडद्यावर दाखवलं, की हृदय आवळतंय, पण पुन्हा सैल पडत नाहीये. आता सासूबाई बऱ्या आहेत, पण मुलीच्या डोक्यातून ते जात नाही. तिने मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा मार्क कमी पडले. घरचे म्हणतात तिसऱ्यांदा बसव. ती म्हणते, मला कार्डिओलॉजी टेक्निशियनची पदवी करू द्या. नातेवाईक विचारतात, मशीन चालवायला पदवी कशाला? तिच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवते आहे. – एक आई, डोंबिवली"

ताई, नमस्कार.

मी तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. पेन्सिलीने काढलेले दोन डोंगर, पहिला खुजा, दुसरा उंच, खाली लिहिलंय 'आजी'. शेजारी निरोगी माणसाचे, त्यात पहिला उंच. पानाच्या तळाशी तिचा प्रश्न आहे : "ठोके वाढले की दोन्ही डोंगर एकमेकांत मिसळतात. मग मोजायचं काय?"

हे इकोवर दिसणारे रक्ताच्या वेगाचे आलेख आहेत. वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप उघडल्यावर हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात रक्ताचा जो लोंढा येतो तो पहिला डोंगर. वरचा कप्पा शेवटी आवळून उरलेलं रक्त ढकलतो तो दुसरा. खालचा कप्पा वेळेवर सैल पडला नाही तर पहिला खुजा राहतो आणि भार दुसऱ्यावर येतो. आजार वाढला, मागचा दाब चढला, की पहिला पुन्हा उंच होतो आणि चित्र फसवं निरोगी दिसतं. म्हणून झडपेच्या कडेची हालचाल वेगळी मोजतात. हृदयाच्या डाव्या-उजव्या भागांमधल्या पडद्याच्या बाजूला तिचा वेग सेकंदाला ७ सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर कप्पा सैल पडत नसल्याचा संशय बळावतो. हा आकडा तिला वहीत लिहायला सांगा.

६० टक्क्यांचा घोळ तुमच्या मनात अजून आहे, तोही सोडवू. आत आलेल्या रक्तापैकी किती बाहेर फेकलं, एवढंच तो आकडा सांगतो. कप्पा किती सहज भरला ते त्यातून कळत नाही. रंगपंचमीच्या पिचकारीचा दांडा पुढे झकास जातो, पण मागे ओढताना अडकतो, तसं ते. सैल पडणं हेही हृदयाला काम आहे : पेशीतलं कॅल्शियम परत साठ्यात ओढायला ऊर्जा खर्च होते, आणि सेप्सिसमध्ये ही यंत्रणा कोलमडू शकते. वय, ब्लडप्रेशर, मधुमेह यांनी स्नायू आधीच ताठ झालेला असेल तर आणखी कठीण. नाडी मिनिटाला ७५ असेल तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात, त्यातले साधारण अर्धा सेकंद भरण्याचे. नाडी १२० झाली की अख्खा ठोकाच अर्ध्या सेकंदाचा होतो आणि भरायला त्याच्या निम्माच वेळ उरतो. अशा हृदयात प्रेशर टिकवायला दिलेलं सलाईन मागे तुंबून फुप्फुसात उतरू शकतं. व्हेंटिलेटरचा दाब छातीकडे परतणारं रक्त थोडं रोखून धरतो. तो काढला की रक्त एकदम वाढतं, हृदयावरचा भारही वाढतो. सासूबाईंचं नेमकं काय झालं ते त्यांचे डॉक्टरच सांगू शकतील, पण पंपिंग नॉर्मल असूनही हे घडतं.

आता मुलीचं. तिसऱ्यांदा नीटला बसवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षं तिने प्रामाणिकपणे दिली आहेत. आयसीयूतला डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी तीन, त्यावर क्रिटिकल केअरचं डीएम आणखी तीन. ज्याला उपचाराचा निर्णय घ्यायचाय त्याने ही वाट जरूर धरावी. पण त्या पानावर औषधाचं नावही नाही. तिचं सगळं लक्ष मोजण्यावर आहे. आयसीयूतला पेशंट इकोसाठी डाव्या कुशीवर वळत नाही, मशीनवर फुगलेलं फुप्फुस मध्ये येतं, डोंगर मिसळतात, आणि तरी त्यातून भरवशाचा आकडा काढायचा, हे काम ज्यांना जमतं त्यांच्यावर डॉक्टर विसंबतात. नातेवाईकांना हे सांगा.

एक गोष्ट मात्र प्रवेश घेण्याआधी तिला समोर बसवून सांगा. आपल्याकडे इकोचा अर्थ लावून रिपोर्टवर सही डॉक्टरच करतात. टेक्निशियनच्या वाट्याला ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, होल्टर (अंगावर लावून दिवसभर चालणारा ईसीजी), कॅथलॅबमधली (अँजिओग्राफी करतात त्या खोलीतली) मदत हे रोजचं काम येतं. इको मशीनवर किती हात मिळेल ते त्या त्या रुग्णालयावर ठरतं. हे ऐकून ती हिरमुसली तर माझा सल्ला बाजूला ठेवा आणि मला पुन्हा लिहा.

महाराष्ट्रात ही पदवी बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) नावाने नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते, तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. या व्यवसायांसाठी केंद्राचा २०२१चा कायदा झाला आहे, त्यामुळे नोंदणी आणि मान्यता यांना आता वजन आहे. मान्यता नसलेल्या, चार खोल्यांत चालणाऱ्या 'इन्स्टिट्यूट'ची जाहिरात लोकलमध्ये दिसली तर तिकडे फिरकूही नका. कॉलेजला स्वतःचं मोठं रुग्णालय हवं, चालती कॅथलॅब हवी, भरलेला आयसीयू हवा. प्रवेशाचे निकष या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा, गेल्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा मुलीला वही घेऊन सोबत न्या. ऑफिसात फीची चौकशी तुम्ही करा. तिला तेवढ्यात शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारू द्या : इकोचा प्रोब (छातीवर टेकवायचं उपकरण) तुझ्या हातात पहिल्यांदा कधी आला, आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं?