वॉकर मंडळी काय तुडवत होती?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरी करते. तिच्या ऑफिसात वॉकर आडनावाचे दोघे आहेत. एक तिथलाच, यॉर्कशायरचा; दुसरी अमेरिकेहून आलेली कृष्णवर्णीय मुलगी. दोघांचं आपसात काही नातं नाही म्हणे. ‘वॉकर’ म्हणजे चालणारा, एवढंच मला कळतं. पण चालतात तर सगळेच! मग हे आडनाव पडलं कसं आणि इतकं पसरलं कसं?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण हे आडनाव माझ्या विषयातलं आहे. लोकरी कापड विणून झाल्यावर त्याच्यावर ज्या प्रक्रिया होतात, त्या शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यातल्याच एका कामाचं हे नाव.

मूळचे वॉकर रस्त्याने चालत नव्हते. ते हौदात उभे राहून, अनवाणी पायांनी, ओलं लोकरी कापड तुडवत होते. आजचा ‘वॉक’ हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आला, त्याचा अर्थ लोळवणं, घुसळणं असा होता. कापड तुडवणाऱ्याला त्यावरूनच ‘वेआल्केरे’ म्हणत. पायी चालणं हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.

मागावरून नुकतंच उतरलेलं लोकरी कापड हातात घेतलंत तर तुमची निराशाच होईल. विणीतून आरपार दिसतं, बोटांना मेंढीच्या अंगची चिकट चरबी लागते, वर कातताना लावलेलं तेल असतंच. इंग्लंडच्या थंडीत असलं कापड काय कामाचं? आधी तेल काढायचं, मग वीण दाट करायची. तेल काढायला मध्ययुगात शिळं मूत्र वापरत. घरोघरचं गोळा करून मुरवायचं; मुरलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलकटपणा तोडतो. जोडीला तेल शोषणारी एक माती. इंग्रजीत तिला ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात. आपल्याकडे चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती याच जातीची. या घाणीत घोटाभर उभं राहून तासन्‌तास पाय मारायचे, कापड उलटायचं, पुन्हा तुडवायचं.

तुडवल्याने नेमकं काय होतं, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत असे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, एकावर एक, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. ओल, ऊब आणि मार मिळाला की तंतू सरकतात, पण खवल्यांमुळे त्यांना मागे फिरता येत नाही. सरकत सरकत ते एकमेकांत असे गुंततात की कापड आखडून जाड होतं. गरम पाण्यात धुतलेला स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होऊन बसतो, तेच हे. फक्त इथे ते जाणूनबुजून, बेताने केलेलं. कापड किती आखडू द्यायचं आणि कुठे थांबायचं, याचा अंदाज तुडवणाऱ्याच्या पायांना असावा लागे. ही विद्या होती आणि ती फार कमी लेखली गेली, असं माझं ठाम मत आहे.

तुडवून धुतलेलं कापड मग उघड्यावर, लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवत. जीव टांगणीला लागलेला माणूस ‘टेंटरहुक्सवर’ आहे असं इंग्रज म्हणतात, ते याच आकड्यांवरून.

आता या धंद्यातली मला सर्वांत आवडती गोष्ट. काम एकच, पण इंग्लंडात त्याची नावं तीन. आग्नेयेला आणि पूर्वेला ‘फुलर’, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेट-कॉर्नवॉलकडे ‘टकर’, आणि उत्तरेला, मध्य भागात नि स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात ‘वॉकर’. तिन्ही आडनावं झाली, आणि लोक कितीही इकडेतिकडे गेले तरी बोलीभाषेचा तो जुना नकाशा आडनावांत अजून पुसट का होईना दिसतो. गावांची नावंही साक्षीला आहेत. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ ‘टकिंगमिल’ आहे. एक्सेटरला विणकर, फुलर आणि कातरकाम करणाऱ्यांच्या संघाचं १४७१ मधलं सभागृह आजही उभं आहे; त्याला ‘टकर्स हॉल’ म्हणतात. वेल्समध्ये कापड तुडवण्याच्या गिरणीला ‘पँडी’ म्हणतात, म्हणून तिथल्या एका गावाचं नाव टोनीपँडी. तुमच्या मुलीच्या सहकाऱ्याचं वॉकर हे आडनाव यॉर्कशायरमध्येच शोभणारं आहे.

पायांचं हे काम इंग्लंडात बरंच लवकर यंत्राकडे गेलं. ११८५ मध्ये टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथाच्या मालमत्तेची मोजदाद झाली, तिच्यात यॉर्कशायरमधल्या न्यूसमला आणि ग्लॉस्टरशायरमधल्या बार्टनला अशा गिरण्यांची नोंद आहे. पाण्याच्या चाकावर लाकडी हातोडे वरखाली होत आणि कापड कुटलं जाई. पेनाइन डोंगरातल्या उतारावरच्या ओढ्यांना हे काम फार मानवलं. पण सगळ्यांना ते मानवलं नाही. सेंट ऑल्बन्स या गावी मठाधिपतींचा हुकूम होता की रयतेने कापड मठाच्या गिरणीतच आणावं आणि त्याचे पैसे भरावेत. लोकांना ते घरीच तुडवायचं होतं. १२७४ च्या सुमारास हा तंटा न्यायालयापर्यंत गेला. त्या माणसांची बाजू मला अगदी रास्त वाटते. पाय त्यांचे, कापड त्यांचं, मग पैसे कशाचे?

इंग्लंडात आडनावं पिढीजात होऊ लागली ती साधारण याच काळात, बाराव्या ते चौदाव्या शतकात. उत्तरेत जरा उशिरा. म्हणजे वॉकर हे नाव घराण्याला कायमचं चिकटलं, तेव्हा उत्तरेतल्या कितीतरी वॉकरांचं काम गिरणीच्या हातोड्यांखाली कापड सरकवण्याचं झालेलं होतं. पाय थांबले, नाव मात्र पायांचंच राहिलं.

इतके वॉकर का, याचं उत्तर यातच आहे. लोकर हा मध्ययुगीन इंग्लंडचा सर्वांत मोठा व्यापार, आणि कापड विणलं जाई तिथे तुडवणारा लागेच. त्यामुळे हे नाव एका पूर्वजापासून पसरलेलं नाही. शेकडो गावांत ते स्वतंत्रपणे उगवलं. ब्रिटनमध्ये आज ते पहिल्या वीस आडनावांत मोडतं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत ते ३१ व्या क्रमांकावर होतं आणि सुमारे ५ लाख २३ हजार माणसं ते लावत होती. लीस्टर विद्यापीठात ट्यूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासून पाहिलं, तेव्हा दुर्मिळ आडनावांच्या पुरुषांत समान पूर्वजाची खूण वारंवार मिळाली, पण स्मिथसारख्या धंदेवाचक आडनावात ती मिळाली नाही. वॉकरही त्याच पठडीतलं. त्यामुळे दोघांचं नातं नसणं हेच स्वाभाविक आहे.

अमेरिकन मुलीच्या नावामागे वेगळा इतिहास असणार. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, त्या सुमारास मुक्त झालेल्या लाखो माणसांची आडनावं प्रथमच सरकारी कागदावर आली. कुणी मालकाचं घेतलं, कुणी त्याहून जुनं जपलेलं, कुणी स्वतः निवडलेलं. लग्नानेही हे नाव येतं. केसांच्या तेला-मलमांच्या व्यवसायातून मोठी झालेली मॅडम सी. जे. वॉकर जन्माने सारा ब्रीडलव्ह होती. वॉकर हे तिच्या नवऱ्याचं आडनाव.

प्रश्न : वॉकर म्हणजे राजाच्या जंगलात गस्त घालणारा रखवालदार, असं मी वाचलं आहे. ते चूक का?

उत्तर : पूर्ण चूक नाही. राखीव जंगलाच्या एका विभागाला ‘वॉक’ म्हणत, हे खरं. एखाद्या घराण्याचं नाव त्यावरून पडलं असू शकेल. न्यूकॅसलमध्ये टाइन नदीकाठी वॉकर नावाची वस्तीही आहे. तिचं नाव रोमन भिंत आणि दलदल या दोन शब्दांतून बनलेलं. पण उत्तर इंग्लंडात हे नाव जिथे दाट आहे तिथे लोकरीचा धंदाही दाट होता. बहुसंख्य वॉकर कापडवालेच.

प्रश्न : जॉनी वॉकरच्या बाटलीवरचा झपाझप चालणारा माणूस हाच तो वॉकर का?

उत्तर : नाही. जॉन वॉकरने १८२० मध्ये स्कॉटलंडमधल्या किल्मार्नकला किराणा मालाचं दुकान थाटलं. चालणारा माणूस टॉम ब्राउन या चित्रकाराने १९०८ मध्ये काढला, तोही ‘वॉक’चा आजचा अर्थ धरून. स्कॉटलंडमध्येच गेलिक भाषेत ‘मॅक अन उखकदर’ असं आडनाव होतं, म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा. पुढे त्यांच्यातल्या काहींनी इंग्रजीत वॉकर हेच नाव लावलं.