मराठीतल्या कोणत्या स्त्री दिग्दर्शिकेचं काम आधी पाहावं, आणि त्यात वेगळं काय आहे?

माझं उत्तर सुमित्रा भावे. (सई परांजपे नंतर बघाच, पण त्यांना शिफारशीची गरज नाही.)

भावे मुळात समाजशास्त्राच्या. सिनेमाचं रीतसर शिक्षण नाही. संशोधनातलं लिखाण ज्या बायकांबद्दल आहे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला. पुढे सुनील सुकथनकरांसोबत जोडीनं दिग्दर्शन, बहुतेक पटकथा भावेंच्याच.

सुरुवात 'अस्तु'पासून करा. अल्झायमर झालेले संस्कृतचे पंडित. मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा खाली उतरते, तेवढ्यात रस्त्यावर हत्ती दिसतो आणि हे लहान मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात. सांभाळते कोण, तर माहुताची बायको. आजाराचं नावही तिला ठाऊक नाही, तरी ती त्यांना लेकरासारखं भरवते. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंडितांच्या भूमिकेतल्या मोहन आगाशेंबद्दल काय बोलणार!

मानसिक आजारावर आपल्याकडे एकतर विनोद होतात नाहीतर रडारड. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया आणि 'कासव'मध्ये नैराश्य दाखवताना त्यांनी दोन्ही टाळलं. 'कासव'ला २०१६ सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं.

संवाद कधीकधी जरा समजावून सांगणारे होतात, हे मला खटकतं. पण त्यांचा 'दोघी' पाहताना तेही विसरायला होतं.